हौदाची दुरुस्ती

बाप्टिस्ट चर्चमधला, माणसाला पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याचा हौद गळत होता, तरी त्यात अजून छातीभर पाणी होतं. कॅथलिक प्लंबर काठावरून वाकून फट शोधत असताना त्याचा पाय घसरला आणि तो डोक्यासकट पाण्याखाली गेला. पाळकांनी हात देऊन त्याला वर ओढलं. वर येताच तो घाबऱ्याघाबऱ्या बोलू लागला.

"पाळकसाहेब, माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालाय हो! फादरनी कपाळावर पाणी घातलं होतं. आता मी तुमच्यातला झालो म्हणून कळलं, तर आई घरात घ्यायची नाही."

पाळकांना हसू आवरेना. "अरे बाबा, नुसतं बुडून बाप्टिस्ट होता आलं असतं, तर गावातले सगळे पोहणारे आमचेच नसते का झाले? आमच्यात आधी माणसाला स्वतःहून, अगदी मनापासून देवाला हाक मारावी लागते. पाणी त्यानंतर."

"हाक आधी? आणि बुडायचं नंतर?"

"हो. आमचा तोच नियम."

प्लंबर मटकन काठावर बसला. "मग मेलोच की! पाय घसरला तेव्हा मारली, तशी हाक मी देवाला जन्मात मारली नव्हती."