दुभाष्यानं सांगितलं ते

युद्धकैद्यांच्या छावणीत पाच महिने झाले होते, पण ऑफिसात लंबूला कुणी खुर्ची दिली नव्हती. आज दिली, तेव्हा तो कडेवरच टेकला.

टेबलापलीकडे छावणीतली स्वयंपाकीण बसली होती. रोज खिडकीतून कैद्यांच्या ताटल्यांत वाढणारा तिचा हात तेवढा त्याच्या ओळखीचा. चेहरा तो आज पहिल्यांदाच नीट बघत होता. तिच्या शेजारी दुभाषी उभा होता. लढाईआधी तो शाळेत मास्तर होता, आणि शत्रूच्या या छावणीत लंबूची भाषा येणारा तो एकटाच.

बाईनं पिशवीतून फोटो काढून पुढे सरकवला. फोटोत एक पोरगा. कान पुढे आलेले, अंगातला गणवेश एक माप मोठा.

"यांचा मुलगा," दुभाषी म्हणाला. "तू पुलापाशी पकडला गेलास ना? हाही तिथंच होता. त्या दिवसापासून पत्ता नाही. तुमच्या लोकांनी याला धरून नेलेलं तू पाहिलंस का, विचारतायत."

लंबूनं फोटो हातात घेतला. पुलापाशी धूर होता, आरडाओरडा होता, त्यानं धुरात झाडलेल्या गोळ्या होत्या. चेहरा एकही आठवेना.

"नाही पाहिला," तो म्हणाला. "खरंच सांगतो मास्तर, मला तिथलं कुणीच आठवत नाही."

दुभाष्यानं मान डोलावली आणि तो बाईशी बोलायला लागला. लंबूचं उत्तर एवढंसं, पण हा बोलतच राहिला. मध्येच त्यानं आपल्या डाव्या दंडाला हात लावला, मग पेल्यातून काहीतरी प्यायल्यासारखं केलं. बाईनं एकदम लंबूचा हात दोन्ही हातांत धरला आणि घाईघाईनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"पट्टी बांधताना तो रडत होता का, विचारतायत."

"कोण? कसली पट्टी? तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"आवाज चढवू नकोस," दुभाषी हळू म्हणाला. त्याचे डोळे टेबलावर होते. "हो की नाही, तेवढं सांग."

बाई लंबूच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या हातांना कांद्याचा वास येत होता. मान कुठल्या बाजूला हलवायची हेच त्याला कळेना. पोरगा जिवंत असेल तर? नसेल तर? आणि नसेल, तर तो कुणाच्या गोळीनं?

त्यानं मान हलवली. नाही, रडत नव्हता.

बाईनं फोटो पिशवीत ठेवला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गेली.

"हे बरं नाही केलंत, मास्तर."

"पाच महिने त्यांच्या पोटात धड अन्न नाही," दुभाषी म्हणाला. "तू जा आता."

चार दिवसांनी लंबूला पुन्हा ऑफिसात बोलावलं. त्याच खुर्चीत बसून त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. फाटकापासून पायरीपर्यंत गावातल्या बायका रांगेत उभ्या होत्या, मध्ये दोन-तीन म्हातारे. प्रत्येकाच्या हातात फोटो.

"यांची सगळ्यांची मुलं पुलापाशी होती?" त्यानं विचारलं.

"नाही. निम्मी तर त्या बाजूला गेलीच नव्हती."

"मग तसं सांगा ना त्यांना."

"सांगितलं," दुभाषी म्हणाला. "सकाळपासून तीनदा सांगितलं."