अठाईचा तिसरा दिवस

पलकने गोळ्यांच्या डबीचा एकेक कप्पा उघडून बापासमोरच्या पांढऱ्या चादरीवर उपडा केला. दोन दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे चार, आणि आज सकाळचा पाचवा. एकही रिकामा नव्हता.

"हे काय आहे, बाबूजी?"

इंदरचंद भिंतीला टेकून बसले होते. जैनांच्या अठाईचा, आठ दिवसांच्या उपवासाचा, तिसरा दिवस होता. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. पिंप्राळ्यातल्या दहा-बारा बायका समोर बसून तपाची गाणी म्हणत होत्या. त्या थांबल्या.

"हळू बोल," तिची आई गुलाबबाई म्हणाली. "सात वर्षं ठणठणीत आहेत. आठ दिवसांनी काय होतं?"

"हळू बोलायला मी दोंडाईचाहून पहाटेची गाडी धरून आले नाही."

घरकाम करणाऱ्या सुनंदाबाईने काल तिला फोन केला होता. "अक्का, भाऊनी डबी बठ्ठी भरेल शे," इंदरचंदांना ती भाऊ म्हणायची; त्यांची डबी सगळी भरलेलीच आहे, एवढंच तिने सांगितलं. पलकला तेवढं पुरलं.

सात वर्षांपूर्वी पलकच्या यकृताचा मोठा तुकडा कापून इंदरचंदांच्या पोटात बसवला होता. समाजाने तिला शाल दिली, नारळ दिला. "बहिणीनं हसत हसत दिलं," असं तिचा थोरला भाऊ रोनक माईकवर म्हणाला होता. फोटोत ती हसतेही आहे.

पहिला महिना काचेच्या पलीकडचा होता. पहिलं वर्ष मास्कचं आणि उकळलेल्या भांड्यांचं. तेव्हा गोळीला पाच मिनिटं उशीर झाला तरी सगळं घर धावायचं. पुढे इंदरचंद पुन्हा आपल्या डाळीच्या दुकानात बसू लागले, आणि घर आजार विसरलं. मुंबईच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. "पहिल्या वर्षी जंतूंना भ्यायचं. नंतर विसरण्याला. खूप वर्षं झाली की या गोळ्या मूत्रपिंडं झिजवतात, तेही बघावं लागेल. पण आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. केल्या, की अंग त्या यकृताला परकं समजून मारून टाकतं."

"तपात अंतराय, अडथळा आणू नकोस," रोनक म्हणाला. "पाप लागतं. रविवारच्या वरघोड्याची, मिरवणुकीची बग्गी ठरली आहे. लोक येणार आहेत."

बाहेर फाटकावर बॅनर होता. त्यावर तपस्वी इंदरचंद, खाली रोनक, त्याची बायको आयुषी, मुलगा अखिल. पलकचं नाव नव्हतं. लेक दिल्या घरची.

"उपवासाचं पच्चक्खाण तुम्ही घेतलंत, बाबूजी," पलक म्हणाली. "आत माझा तुकडा आहे. त्यानं काही घेतलेलं नाही. त्याला कशाला मारता?"

"हिला वकील करायला हवी होती," मागून एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली.

"आणि साध्वीजी तर दरवर्षी औषधाची सूट देतात. यंदाच नाही दिली?" पलकने विचारलं.

"दिली असती," गुलाबबाई खाली बघत म्हणाली. "त्यांनी विचारलं, औषध चालू आहे का. हे म्हणाले, नाही."

पलकच्या बापाने दुकानात कधी तराजूला बोट लावलं नव्हतं. तो माणूस उपाश्रयात, साध्वीजींसमोर खोटं बोलला होता.

असं का, ते शोधायला ती सरळ आतल्या खोलीत गेली. कपाटातून दवाखान्याची फाइल काढली. रोनक मागे धावला. "त्यात काही नाही," तो म्हणाला. ती फाइल उघडतच बाहेर आली.

सगळ्यात वर गेल्या महिन्याचा कागद होता. मूत्रपिंडं पाव हिस्साच चालत होती. दोन-तीन वर्षांत नवं मूत्रपिंड लागेल, घरात कोण देऊ शकतं ते बघून ठेवा, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. तिने कागद उलटला. मागे रोनकच्या अक्षरात एक ओळ होती.

'पलक. वय ३८. चालेल.'

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"नुसतं लिहून ठेवलंय," रोनक म्हणाला.

"तुझं नाव का नाही लिहिलंस?"

"माझ्यामागे दुकान आहे, पलक."

आता इंदरचंद बोलले. सकाळपासून पहिल्यांदाच.

"एकदा घेतलं, बेटा. पुन्हा घ्यायचं नाही. हे सगळे तुझ्याकडे येतील आणि तू नाही म्हणणार नाहीस, मला ठाऊक आहे. म्हणून त्याआधी जातो. तपात गेलो तर कुणी तुला बोल लावणार नाही."

गुलाबबाईने तोंडावर पदर दाबला. बायका एकमेकींकडे बघेनात.

पलक खाली बसली. सांडलेल्या गोळ्यांतून तिने सकाळच्या गोळ्या वेचल्या आणि बापाच्या तळहातावर ठेवल्या. उकळलेल्या पाण्याचा पेला त्यांच्या ओठाशी धरला.

"गिळा. बाहेर रिक्षा उभी केली आहे, इथून दवाखान्यात जायचंय. मागच्या वेळी घरात सगळं ठरलं, मग मला सांगितलं. मी हसले, कारण समोर फोटो काढत होते. या वेळी मला माझ्या तोंडानं नाही म्हणायचंय, बाबूजी. आणि ते ऐकायला तुम्ही जिवंत पाहिजेत."