जुनी पाणीपट्टी

घरपट्टी थकली म्हणून चांगुणाबाईंचं तुर्भ्यातलं घर सत्त्याण्णव साली लिलावात निघालं आणि विश्वजितला ते निम्म्या किमतीत मिळालं. नंतर कळलं, लिलावाच्या पैशातून घरपट्टी फिटली असली तरी जुनी पाणीपट्टी घरावर तशीच आहे, आणि ती आता त्यालाच भरावी लागणार.

चिडून तो उरणला चांगुणाबाईंच्या भाड्याच्या खोलीवर गेला आणि दारातूनच वाट्टेल तसं बोलला. त्या उठून दाराशी आल्या. त्यांच्यामागे एवढ्याशा खोलीत छतापर्यंत रचलेला संसार दिसला, तशी त्याची मान खाली गेली.

"राहू द्या मावशी, मी भरतो," तो पुटपुटला.



"तुमी कशाला? जमंल तसं मीच भरीन. घर तुमचं झालं, पन पानी आमीच प्यालो ना."