एकशे त्र्याऐंशीचे नऊ

"एकशे त्र्याऐंशी," राजनंदिनी म्हणाली.

"कुणाची शुगर?" बाळासोंनी विचारलं.

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात हा प्रश्न रास्तच होता. पण आकडा प्रोग्रामचा होता. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरवणारा तो प्रोग्राम बाळासोंनी सतरा वर्षं एकट्याने ठिगळं लावत चालवला होता. प्रोग्राममध्ये जितके 'जर' आणि 'नाहीतर', तितका त्याच्या गुंत्याचा आकडा मोठा. दहापर्यंत गुंता माणसाला वाचता येतो. पन्नासच्या पुढे लिहिणाऱ्यालाही येत नाही.

"मला येतंय की," बाळासो म्हणाले.

"तीच तर अडचण आहे. तुम्ही मार्चमध्ये रिटायर होताय."

राजनंदिनीला पुण्याच्या कंपनीने कराडजवळच्या या कारखान्यावर तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. चेअरमन उदयसिंह आबांची मागणी एका ओळीची होती: प्रोग्राम मला वाचता आला पाहिजे. हे काम तिने कंपनीकडून मागून घेतलं होतं, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. तिचं आडनाव पाटील. या भागात पाटील ही ओळख नसते, गर्दी असते. त्यामुळे कडेगावकडच्या कृष्णात पाटलांची ही मुलगी, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनेही आणून दिलं नाही.

कृष्णात पाटील अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या निवडणुकीत आबांच्या विरोधी पॅनलचे पोलिंग एजंट होते. पॅनल पडलं. तेव्हापासून त्यांच्या शेतात तोडणीची टोळी येई ती हंगाम संपता संपता, उसाला तुरे येऊन तो आतून पोकळ झाल्यावर. वर वजनाच्या पावतीवर छापलेलं असे, 'कार्यक्षेत्राबाहेरील ऊस'. चाळीस वर्षांचा सभासद, आणि बाहेरचा! ती पावती ते शेजाऱ्यालाही दाखवत नसत.

"औंदा तरी येळेवर तोड मिळंल का गं?" त्यांनी फोनवर विचारलं.

"मिळेल आप्पा. थोडं थांबा."

बाळासो रोज चहा आणायचे आणि रोज तेच सांगायचे. "ताई, चालतंय ते चालू द्या. वरनं रंग मारा आन् आकडा कमी झाला म्हणून सांगा. आबांना काय कळतंय?"

"रंग मारून आकडा कमी होत नाही."

"मग निम्मा करा. लय सोपं करू नका. वाचता आलं की लोक वाचत्यात."

आबांचा माणूस दुसरं काय बोलणार, असं तिने ठरवून टाकलं.

"तुमचं गाव कुठलं म्हणायचं?" एकदा त्यांनी विचारलं.

"पुणे."

बाळासोंनी तोंडाशी आलेलं काहीतरी चहाबरोबर गिळलं.

ती कापत गेली. एकच तपासणी सात ठिकाणी होती, तिची एक केली. एक अट कुणा माजी संचालकाच्या जावयासाठी होती. संचालक वारले होते, जावई दुबईला होता, अट मात्र रोज सकाळी न चुकता त्याचा ऊस शोधत होती. तीही काढली. एकशे त्र्याऐंशीचे नव्वद झाले, नव्वदचे चाळीस.

चाळीसच्या खाली तिला ते सापडलं. चार फायलींत तुकडे तुकडे करून टाकलेलं, कुठेही नाव नाही. जोडल्यावर एकतीस गट नंबर निघाले. हंगामभर ते कुठल्याच यादीत येत नव्हते. शेवटच्या आठवड्यात शिल्लक टोळ्या तिकडे जात आणि पावती 'बाहेरील ऊस' म्हणून निघे. तिसरा नंबर तिच्या वडिलांचा होता.

तिने ते सगळं एका जागी आणलं. प्रत्येक नंबरापुढे शेतकऱ्याचं पूर्ण नाव घातलं. वर मराठीत शीर्षक दिलं: 'विरोधकांचा ऊस सर्वांत शेवटी'. गुंता नऊवर आला. चौथीतल्या पोरालाही वाचता आलं असतं.

नवा प्रोग्राम संचालकांच्या सभेत दाखवायचा होता. आदल्या दिवशी बाळासोंनी तो पाहिला. एकेका नावावर बोट ठेवत पाहिला.

"ही नावं काढा ताई. उद्या आबा समोर बसणार हायत."

"म्हणूनच घातलीत."

"हात जोडतो तुमाला."

त्यांनी खरंच हात जोडले. तिने लॅपटॉप मिटला. अकरा वर्षांत लाज वाटायला एवढा उशीर, असं ती म्हणणार होती. वयाकडे बघून बोलली नाही.

सभेत सतरा संचालक होते आणि काजूची बिस्किटं होती. दाराशी बाळासो उभे होते. पडद्यावर प्रोग्राम आला. आबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडत वाचायला सुरुवात केली. शीर्षक वाचलं. एकतीस नावं वाचली. शेवटचा आठवडा वाचला, पावती वाचली. संचालक आपापल्या कपात बघू लागले.

राजनंदिनी याच क्षणासाठी आली होती. "आबा," ती उभी राहून म्हणाली, "या लोकांचा ऊस कोणत्या नियमाने शेवटी ठेवला?"

आबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. चष्मा काढला आणि दाराकडे मान वळवली.

"शेवटी?" ते म्हणाले. "ह्यांचं एक कांडं बी गाळायचं न्हाई म्हणून सांगितलं हुतं मी. बाळासो, अकरा वर्षं कोण आणतंय रं ह्यांचा ऊस?"