उस्ता सबरीची कोथिंबीर

"शी! शी! शी!" म्हणत रोजची गिऱ्हाईक हज्जा इनायतने तोंडातला तामियाचा, म्हणजे बाकल्याच्या डाळीच्या वड्याचा, घास दुकानासमोरच थुंकला. उरलेला अर्धा वडा तिने थेट दुकानदार उस्ता सबरीच्या नाकाशी नेला.

"हे काय रे? आतून हिरवा कुठाय? नुसता पिवळा! आणि जिरं तर इतकं कोंबलंयस, की चार दिवस ढेकर देतेय मी. असली फलाफल खायची तर समोर सीरियावाला आहे की! तो चण्याची करतो, पण निदान तसं सांगून करतो."

रांगेतले दोघे फिदीफिदी हसले. एक जण तर सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. तीस वर्षं अख्खा शुब्रा मोहल्ला ज्याच्या हातचा तामिया खात आला, तो सबरी मान खाली घालून कढईतले वडे उलटत राहिला.

नग्वाने बापाला आत ओढलं. "बाबा, काल मी वीस जुड्या कोथिंबीर आणली होती. कुठाय ती?"

"मागच्या बोळात. शेळ्यांना घातली."

"शेळ्यांना?"

"अगं, वास येतो!" सबरीने नाक पुसलं. "हिवाळ्यात तो ताप आला ना, तेव्हापासून. चिरली की ढेकूण चिरडल्यासारखी घाण येते. आधी वाटलं, भाजीवालाच सडका माल देतोय. तीन भाजीवाले बदलले. मग कळलं, बिघडलंय ते माझंच नाक. जितकी जास्त घालावी, तितकी जास्त ओकारी येते गं. ज्याला चवच कळत नाही त्यानं कढईपुढं उभं राहायचं कशाला? उद्यापासून बंद करू दुकान."

 नग्वाने शेजारच्या भाजीच्या गाडीवरून कोथिंबीर उचलून आणली, खसाखसा चिरली आणि बाकल्याच्या वाटणात हात घातला. तिथंच अडली.

"किती घालू?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? वहीत लिहून ठेवलंय का कुठं? अंदाजानं टाकते. चला, तोंड धुवा आणि बाहेर या."

नव्या वाटणाच्या पहिल्या घाण्यातला वडा उस्ताने रांगेसमोर उभं राहून स्वतः खायचा, ही त्या दुकानाची सबरीच्या बापापासूनची रीत. हज्जा इनायत कमरेवर हात ठेवून बघत होती. सबरीने वडा मोडला. वाफेबरोबर ती घाण भसकन नाकात शिरली. त्याने घास घेतला. चेहरा पार वाकडा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, एका हाताने त्याने फळी घट्ट धरली.

"थुंका बाबा," नग्वा हळूच म्हणाली.

त्याने घास गिळला. डोळे मिटून, पोटावर हात ठेवून अंदाज घेतला. मग तिच्या कानाशी वाकला.

"अजून नीट ओकारी येत नाहीये," तो म्हणाला. "आणखी तीन जुड्या टाक."