खांबाचं बूड

भावाने चारही खांबांची खालची टोकं विस्तवावर काळी होईपर्यंत भाजली आणि गरम डांबराचा डबा बहिणीपुढे सरकवला.

"जमिनीच्या वर वीतभर येऊ दे. वाळवीचे दात पडले पाहिजेत."

"एवढी कसली शेड बांधतोयस, दादा?"

"शेड कसली? तुझी खोली! बाबांच्या खाटेपाशी अंग मुडपून किती दिवस झोपशील? इथून त्यांची हाक ऐकू येईल."

ती पंधरा दिवसांसाठी आली होती, बाबांचं अंग लुळं पडलं तेव्हा. त्याला तीन महिने झाले. शिवणकामाच्या कारखान्यातल्या बाईंचा कालच निरोप आला होता : सोमवारपर्यंत वाट बघते, मग दुसरी ठेवते.

"सोमवारी मला जायचंय."

"जा की! दोन दिवस फिरून ये. तोवर पत्रे चढतील." तो मनापासून हसला. "तुझी वहिनी म्हणते, खिडकी मोठी ठेवा. पुढे आमचंही म्हातारपण तुलाच काढायचंय."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. असतं तर भांडता आलं असतं.

पहिल्या खांबाला तिचं डांबर लावून झालं, तोच आतून बाबांनी हाक मारली. त्यांना कुशीवर वळवून, चादर बदलून ती परत आली, तर भाऊ पहिला खांब उचलून खड्ड्यात सोडत होता. उंची जुळवायला त्याने तो खालून बोटभर कापला होता. डांबर बाजूंनाच होतं. कापलेलं बूड कोरं, पांढरं.

लाकूड पाणी पितं ते बुडातून. बाबा सुतार होते. हे त्यांनी तिला शिकवलं होतं. भाऊ कधी त्यांच्याजवळ बसलाच नाही.

चार वर्षं, तिने मनात म्हटलं. फार तर पाच. मग हा कोपरा खचेल.

भावाने खडीचं पहिलं घमेलं ओतलं. दुसरं ओतलं. तिसरं उचललं, तेव्हा तिच्याच तोंडून शब्द निघाले.

"थांब. काढ वर. बूड उघडं राहिलंय."

दोघांनी मिळून खांब उपसून आडवा घातला. तिने गुडघे टेकून त्या पांढऱ्या तोंडावर डांबर चोपडलं, जिरू दिलं, पुन्हा चोपडलं. एकही रेघ उघडी ठेवली नाही.

"तू नसतीस तर खोली बसलीच असती," भाऊ घाम पुसत म्हणाला. "आता किती वर्षं जातील गं?"

"मला पुरतील," ती म्हणाली आणि तिने दुसरा खांब पुढे ओढला.