दुधाच्या चहासारखं ऑइल

गुणाजीचा थोरला मुलगा कसारा घाटात ट्रकच्या अपघातात गेला. दिवसकार्य उरकलं आणि कोलशेतच्या घराच्या दारात उभा असलेला जुना ट्रक आता धाकट्याने नाशिकला न्यायचा, असं ठरलं. पण हेडचं गॅस्केट नवं टाकूनही इंजिनचं ऑइल पुन्हा पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं निघालं.

"काका, रेडिएटरचं पाणी जरासुद्धा उतरलेलं नाय," परशुराम मिस्त्री म्हणाला. "म्हणजे हे पाणी आतून येत नाय. कोणीतरी वरनं ओततंय."

गुणाजीने घराकडे पाहिलं. त्याची बायको जनी रिकामा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तो लपवलाही नाही.



"इंजिन कामातून गेलं," गुणाजी परशुरामला म्हणाला. "धाकट्याला तू तसंच सांग."